वरच्या खिडकीवरचं मोहोळ

मामा, आज वरची खिडकी उघडली. संक्रांतीच्या वेळेपासून बंद होती, कडी घट्ट बसलेली, वरवंट्यानं ठोकून ठोकून उघडली. आरू इथंच फरशीवर दुपट्यावर झोपलीय आणि मी तिच्या शेजारी बसून हे लिहिते. वारा गरमच आहे, पण येतोय. तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तेरावं झालं, पाव्हणे गेले, मंडपवाला त्याच्या सतरंज्या घेऊन गेला, आणि घर एवढं गप्प झालं की दुपारी मला माझाच श्वास ऐकू येतो. लय दमले मी. रडून नाय दमले, चहा करून दमले आणि गप्प बसून दमले.

चौकात तुमचा फ्लेक्स लावलाय. त्याच्यावर तुमचा फेट्यातला फोटो, आणि खाली शोकाकुल म्हणून सगळ्यांची नावं, माझं पण आहे, शेवटून दुसरं. फोटोखाली लिहिलंय, मनमिळाऊ स्वभावाचे. ते वाचलं आणि मला हसूच आलं, मी पदरात तोंड घातलं, लोकांना वाटलं रडते. सव्वातीन वर्षं एका घरात राहिले आणि सुनेशी एक शब्द बोलले नाय, ते मनमिळाऊ! आणि मी तरी कुठं बोलले. सासऱ्याला आमच्यात मामा म्हणतात, पण मी ते सुद्धा मनातल्या मनातच म्हणायची.

लग्नात आईनं कानात सांगितलं होतं, सासऱ्यासमोर पदर, आणि समोरून बोलायचं नाय, तुझं काय असंल ते सासू सांगंल त्यांना. आता सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेलेल्या, हे आईच्या ध्यानातच आलं नाय बघा. हे पहाटेच्या गाडीनं मनमाडला रेल्वेच्या कामावर जाणार ते दिवे लागल्यावर येणार. मधल्या वेळात घरात माणसं दोन, आणि ती दोघं बोलत नाहीत. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खोकायचे. एकदा खोकले की चहा. दोनदा खोकले की मी बाहेर चाललो, कडी लावून घे. तीनदा खोकले तर खरंच खोकला झालाय. मी पण भांडं जोरात आपटलं की समजायचं ताट वाढलंय.

कॉलनीतल्या बाकीच्या सुना सासऱ्यांशी चांगल्या बोलतात. एक तर सासऱ्याच्या गाडीवर मागं बसून बाजाराला जाते. मी बघायची त्यांच्याकडं. मला वाटायचं आपण पण बोलावं, पण दोन वर्षं गप्प राहिल्यावर पहिला शब्द कोणता बोलायचा? मला काय सुचायचं नाय. तुम्हाला पण सुचत नसंल.

मग आरू झाली आणि आपलं पोस्ट ऑफिस उघडलं.

तुम्ही तिला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "आरू, तुझ्या आईला सांग, आमटीत आज मीठ नाय."

मी आतून म्हणायची, "आरू, आजोबांना सांग, डॉक्टरनं बीपीला मीठ कमी करायला सांगितलंय."

"आरू, आईला सांग, कमी वेगळं आणि नाय वेगळं."

तिला मान सुद्धा धरता येत नव्हती तेव्हा. पण लय काम केलं त्या पोरीनं. दिवसभर आपले निरोप इकडून तिकडं. हे एकदा सुट्टीला घरी होते, ऐकून ऐकून म्हणले, "अरे, तुम्ही दोघं तिला पगार द्या." तुम्ही हसले आणि मी आत हसले. एकाच वेळी हसलो आपण, भिंतीच्या दोन बाजूला.

मोहोळ बसलं तेव्हा आरू सात महिन्यांची होती. मी सकाळी खिडकी उघडायला गेले तर सज्जाखाली काळं काहीतरी लोंबतंय. मला वाटलं कोणाची तरी गोणी वाऱ्यानं उडून अडकली. मग ती गोणी हलली. सुपाएवढं आग्या मोहोळ, आणि त्याच्या अंगावरून वरून खाली अशी लाट जायची, गाईच्या पाठीवर गोमाशी बसली की कातडं थरथरतं ना, तशी. मी खिडकी लावली, कडी घातली, फटीत वर्तमानपत्र कोंबलं, आरूला उचललं आणि खाली पळाले. पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाय.

मी घाबरट आहे, ते मी कधी लपवलं नाय. कुकरच्या शिट्टीला घाबरते, पालीला घाबरते, आरू झोपेत जास्त वेळ हलली नाय तर नाकापाशी बोट धरून बघते. आणि इथं तिच्या पाळण्यापासून हातभरावर, काचेच्या पलीकडं, आग्या मोहोळ.

पण तुम्हाला काय आनंद! रोज सकाळी खाली अंगणात खुर्ची टाकून मान वर करून बघत बसायचे. दोरीवरच्या लंगोटांवर पिवळे पिवळे ठिपके पडायला लागले, मला कळेना हळद कुठून आली, मी दोनदा धुतले. तुम्ही आरूला म्हणले, "आरू, आईला सांग, हळद नाय ती. माश्या उडता उडता शी करतात. तुझ्यासारखंच." मला राग आला आणि हसू पण आलं, आणि लंगोट तिसऱ्यांदा धुवावे लागले.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते मिटलंच नाय. मी म्हणायची, "आरू, आजोबांना सांग, फवारणीवाल्याला बोलवा, एकदा औषध मारलं की सगळ्या मरून पडतात." तुम्ही म्हणायचे, "आरू, आईला सांग, त्या आपल्या भिंतीला विश्वासानं बसल्यात. त्यांची लेकरं आहेत त्या पोळ्यात. औषध मारून सगळ्यांना मारायचं? फुलोरा संपला की पावसाच्या आत आपणहून जातील. मग रिकामं पोळं काढू." मी म्हणायची, "आरू, आजोबांना विचार, पावसापर्यंत तू कुठं झोपायचं? खाली स्वयंपाकघरात, उकडलेल्या बटाट्यासारखं?" तुम्ही म्हणायचे, "आरू, तू बटाटा नाय, तू रताळं आहे." आणि तिच्या पोटाला गुदगुल्या करायचे, ती खिदळायची, आणि भांडण तिथंच राहायचं. यांना विचारलं तर हे म्हणायचे, "तुम्ही दोघं ठरवा आणि मला सांगा." आम्ही दोघं! बोलतच नाय तर ठरवणार कसं?

चैत्र संपत आला. उन्हाळा असा की फरशीला पाय लागत नव्हता. माश्या मोरीत पाणी प्यायला यायच्या, संध्याकाळी बल्बवर यायच्या, म्हणून दिवे लावायचे नाय आपण, अंधारात जेवायचो. आणि आरू रांगायला लागली. मी दिवसभर तिच्या पुढं झाडू घेऊन फिरायची, फरशीवर मेलेली माशी आहे का, जिवंत आहे का.

मग तो मंगळवार.

मी भाकरी उलटत होते. फक्त एक भाकरी, मामा. तेवढ्यात ती अशी किंचाळली की माझ्या हातातलं उलथणं पडलं. मोरीच्या तोंडाशी तिनं माशीवर हात ठेवलेला. हात बघता बघता पुरीसारखा फुगला. मी तिला घेऊन नुसती गोल गोल फिरत होते, घराबाहेर जावं का आत यावं, पाणी लावावं का फुंकर घालावी, काय सुचत नव्हतं, आणि तिच्यापेक्षा मीच जास्त ओरडत होते. तुम्ही आले, माझ्या कडेवरच तिचा हात धरला, नखानं काटा खरवडून काढला, तुमच्या डबीतला चुना लावला. पाच मिनिटांत ती मुसमुसत शांत झाली.

मी नाय झाले. मी तिच्याकडं बघून म्हणलं, आणि तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणलं, "आरू, आजोबांना म्हणावं, एकलहऱ्याला विजेच्या प्लांटवर जन्मभर परांचीवर चढलो म्हणून कॉलनीत सांगत फिरतात, ते नुसतं सांगण्यापुरतंच. एक मोहोळ काढायला पाय लटपटतात त्यांचे. माश्याच नाती आहेत म्हणावं त्यांच्या. तू त्यांची कोण?"

तुम्ही आरूला सुद्धा काय सांगितलं नाय. चुन्याची डबी बंद केली, टोपी घातली आणि बाहेर गेले. दोनदा खोकायचं पण विसरले.

बुधवार पूर्ण तसाच गेला. चहा ठेवला, उचलला. ताट ठेवलं, उचललं. आरू आपली तुमच्या मांडीवर बसून आपल्या दोघांकडं आळीपाळीनं बघायची, कोणाचाच निरोप नाय म्हणून.

गुरुवारी अवस होती. ऊन उतरलं, दिवेलागणीची वेळ झाली तसे तुम्ही आत आले आणि आरूची ती गुलाबी मच्छरदाणी उचलली, छत्रीसारखी उघडते ती, अस्वलाची चित्रं असलेली. मी बघतच राहिले. तुम्ही ती उसवली, टोपीवरून चेहऱ्यावर ओढली आणि गळ्याशी सुतळीनं बांधली. वरून जुनं घोंगडं. हातात विळा, आणि पत्र्याच्या डब्यात गोवरी पेटवून त्याच्यावर ओला लिंबाचा पाला. बाहेर नाना पेंटर शिडी धरून उभे. तुमचे प्लांटवरचे जोडीदार, खालच्या गल्लीतले, त्यांच्या अंगावर पण घोंगडं. मी आरूला कडेवर घेऊन वर पळाले. का पळाले, खाली थांबायला पाहिजे होतं, पण वर पळाले.

काचेच्या अलीकडं मी आणि पलीकडं तुम्ही. एवढ्या जवळून मी तुमचा चेहरा कधी बघितलाच नव्हता. गुलाबी जाळीतून, धुरातून, तुमच्या भुवयांचे पांढरे केस सुद्धा दिसत होते. तुम्ही घाई करत नव्हते. आधी धूर दिला, खालून वर, सावकाश, नैवेद्य दाखवल्यासारखा. माश्या गुंऽ करून बाजूला सरकल्या आणि आतलं पोळं दिसलं, एवढं पांढरं असंल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही वरचा मधाचा कोपरा कापून बादलीत सोडला. मग खालचा भाग कापला आणि त्या उठल्या. सगळ्या. काचेवर पाऊस पडल्यासारखा आवाज आला. आणि तुम्ही ओरडले,

"सुनबाई! खालच्या फटीत कापड कोंब! कोंब लवकर!"

सुनबाई म्हणले. मधे आरू नाय, भिंत नाय. मी पदर फटीत कोंबला आणि ओरडले, "मामा, पुरे! उतरा! उतरा तुम्ही!"

तेवढंच. आपण समोरासमोर बोललो ते तेवढंच.

तुम्ही उतरले तेव्हा कानामागं, मानेवर, हातांवर काटे होते. यांची गाडी अजून यायची होती. नाना पण तुमच्याइतकेच सुजलेले, ते त्यांच्या घरी पळाले. तुम्हाला मागचे काटे दिसत नव्हते आणि मला तुमच्या मानेला हात लावायला काय जमेना. मग मी भिंतीवरचा आरसा काढला आणि तुमच्या मागं धरून उभी राहिले, तोंड दुसरीकडं करून, आणि तुम्ही हातातल्या लहान आरशात बघून एक एक काटा खरवडत होते. अर्धा तास. हात भरून आले माझे. तुम्ही एकदा म्हणले, "थोडं डावीकडं," आणि मी केलं. आरूचं नाव घ्यायचं राहिलं त्यात, ते कोणाच्याच ध्यानात आलं नाय.

खालचं पोळं तुम्ही परातीत घेऊन बराच वेळ बसले होते. त्याच्यात अळ्या होत्या पांढऱ्या. तुम्ही बोटानं हात लावून बघत होते. मी दारातून बघितलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी माश्या रस्त्यापलीकडच्या लिंबावर गोळा होऊन बसलेल्या, तिसऱ्या दिवशी तिथूनही गेल्या. आणि आपण परत आपल्या जागेवर. "आरू, तुझ्या आईला सांग, खिडकी चार-आठ दिवस उघडू नको, चुकलेल्या माश्या येतात." मी रात्रभर ठरवलं होतं की सकाळी समोर जायचं, म्हणायचं, मामा, मी मंगळवारी बोलले ते मनातलं नव्हतं. आणि सकाळी मी म्हणलं, "आरू, आजोबांना सांग, चहा झालाय."

मध तुम्ही पांढऱ्या फडक्यातून गाळून बरणीत भरला. आरूला बोटभर चाटवायला निघाले तर मी आतून ओरडले, "आरू, आजोबांना सांग, नर्सबाईंनी सांगितलंय वर्ष होईस्तोवर मध द्यायचा नाय." मला वाटलं चिडतील. तुम्ही बोट आपल्याच तोंडात घातलं आणि म्हणले, "बरं आरू, वाढदिवसाला. तोवर आजोबा राखण करतील." बरणी वरच्या फळीवर ठेवली, झाकणाला फडकं बांधून.

त्याच्यानंतर एकोणीस दिवस. सूज उतरली, तुम्ही नेहमीसारखे फिरायला जात होते, मिठावरून भांडत होते. मी खिडकीचं विसरूनच गेले. आणि त्या दुपारी मी चहा गाळला आणि म्हणलं, "आरू, आजोबांना सांग, चहा झालाय." तुम्ही ओट्यावर खुर्चीत होते. खोकला आला नाय. मी परत म्हणलं. मग भांडं आपटलं. मग वाट बघितली. चहावर साय धरली, मामा, तोवर मी वाट बघितली, कारण तुमच्यापुढं जाऊन हाक मारायची माझी पद्धत नव्हती. शेवटी आरू रांगत गेली आणि तुमचं धोतर ओढायला लागली आणि तुम्ही तिला घेतलं नाय, तेव्हा मी बाहेर आले.

डॉक्टर म्हणले हृदय बंद पडलं, क्षणात गेले, मी आधी हाक मारायला गेले असते तरी काय करता आलं नसतं, आणि माश्यांचा याच्याशी काय संबंध नाय. मी तीनदा विचारलं. तीनदा म्हणले नाय. पण मला शाळा नववीपर्यंतची, डॉक्टरचं खरं का माझ्या मनातलं खरं, मला कळत नाय.

आणि मग तुमच्या निफाडच्या बहीण आल्या. त्या रडता रडता थांबल्या आणि सगळ्या बायकांसमोर म्हणल्या, "घरावरचं मोहोळ म्हणजे लक्ष्मी असते. ते मोडलं आणि भोवलं माझ्या भावाला. त्या वयात शिडीवर! कोणी सांगितलं होतं मोडायला?"

मी आरूला पाजत होते. मी मान खाली घातली. हे म्हणले, "आत्या, कोणी सांगणार त्यांना? त्यांनाच हौस." आणि मी ते तसंच राहू दिलं. त्या दिवसापासून भाकरी थापताना, झोपताना, ते एकच डोक्यात. कोणी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. पाय लटपटतात म्हणले होते मी.

दहाव्याला आपल्या इथल्या गंगेवर कावळा लगेच शिवला. सगळे म्हणले, काय इच्छा राहिली नव्हती बघा, तृप्त गेले. मी मागं बायकांमध्ये उभी होते. मला वाटलं, कावळ्याला काय माहिती. आपलं भांडण अजून मिटलेलं नाय. गुरुजींनी पिंडाला मध मागितला तर मी दुकानातली बाटली दिली. फळीवरची बरणी नाय काढली. ती आरूची आहे.

काल नाना शिडी न्यायला आले. ती मागच्या भिंतीला तशीच पडून होती. मी पदर घेऊन बाहेर गेले. नानांनी शिडी उचलली, खांद्यावर घ्यायच्या आधी हात फिरवला तिच्यावर आणि म्हणले, "सुनबाई, ही तार बघितली का? ह्या दोन पायऱ्या पार ढिल्या होत्या. तुझ्या सासऱ्यानं बांधल्या. रविवारची दुपारभर माझ्या ओट्यावर बसला होता पक्कड घेऊन. प्लांटवरची गाठ आहे ही, आता कोणाला येत नाय."

"कोणत्या रविवारी?" मी म्हणलं.

"अवसेच्या आधीच्या. सकाळीच आला, नाना, मोहोळ काढायचंय म्हणे, पोरगी रांगायला लागली आता. मी म्हणलं चल आजच चढू. तर म्हणे नाय, अवस गुरुवारी आहे. उजेड असला की माश्या अंगावर येतात, अंधारात बसून राहतात. औषध न मारता काढायचं तर चार दिवस थांबायला पाहिजे."

मी भिंतीला धरलं. रविवारी, मामा. मी बोलले मंगळवारी.

नाना बोलतच होते. "मी विचारलं, अरे सुनेला तरी सांगितलं का, ती घाबरते ना? तर हसला. म्हणला, सकाळीच सांगितलंय. नातीपाशी निरोप ठेवलाय."

नाना गेले. मी तिथंच पायरीवर बसले. मला तो रविवार आठवला. मी मागं नळावर कपडे धूत होते, नळ जोरात चालू होता, आणि तुम्ही ओट्यावर तिला घेऊन बसले होते, तिला काहीतरी सांगत होते आणि ती तुमच्या मिशा ओढत होती. मला वाटलं गाणं म्हणतात. मी नळ बंद केला असता तर.

आधी मला एवढं हलकं वाटलं की मी उघड्यावरच रडले. मी नाय चढवलं तुम्हाला. तुम्ही आधीच ठरवलं होतं, माझ्यासाठी आणि आरूसाठी, आणि माश्या मरू नयेत म्हणून पण. सगळ्यांचं बघितलं होतं. मग संध्याकाळी भांडी घासताना दुसरंच डोक्यात आलं. आपली पद्धतच ती होती, सांगायचं आरूला आणि ऐकायचं दुसऱ्यानं. म्हणजे तुम्हाला वाटलं असणार मी ऐकलंय. मला माहिती आहे की गुरुवारी तुम्ही चढणार, आणि तरी मी मंगळवारी तसं बोलले. ते तसंच मनात घेऊन तुम्ही चढले. एकोणीस दिवस तसंच घेऊन बसले आणि मिठावरून माझ्याशी हसत भांडले.

मला माहिती नव्हतं, मामा. एवढंच सांगायचं होतं. पाण्याचा आवाज होता. मला खरंच माहिती नव्हतं.

आज खिडकी उघडली तर सज्जाखाली मेणाचा डाग आहे, अर्धगोल, पिवळा. त्याच्यापाशी दोन माश्या घिरट्या घालत होत्या. हे सकाळी जाताना खालून बघून गेले आणि म्हणले, "रविवारी खरवडून घासलेट फिरवतो, नायतर परत बसतील." मला भीती वाटतेच. दोन माश्या बघून सुद्धा मी आरूला दुपट्यासकट लांब ओढलं. पण तुमच्या हातचं तेवढंच राहिलंय त्या भिंतीवर. आज हे आले की सांगणार आहे, डाग राहू द्या. परत बसल्या तर नाना आहेत, शिडीला तुमची तार आहे, अवसेची वाट बघू.

आणि दुसरं पण सांगणार आहे. मंगळवारी मी काय बोलले ते, आणि रविवारी तुम्ही काय केलं ते. चिडले तर चिडले. निफाडच्या आत्यांना पण फोन करून सांगणार. कोणी सांगितलं होतं विचारत होत्या ना, ते माझ्या तोंडानं सांगणार. आरूला मधे घालणार नाय.

आरू उठली. उठून बसली आणि खिडकीकडं बघतेय. उघडी खिडकी तिनं कधी बघितलीच नाय नीट. बोट दाखवून काहीतरी सांगतेय, भरभर, एकापुढं एक, मला एक शब्द कळत नाय. बोलायला लागायला अजून चार-सहा महिने लागतील. तुम्ही काय काय सांगून ठेवलंय हिच्यापाशी, मामा, कोणाला माहिती. मी नळ बंद करून ऐकते आहे.